१०८ नमस्कार आणि पुढचे दोन दिवस

घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ राहणाऱ्या एका ४२ वर्षांच्या वाचक भगिनीचं हे पत्र. नाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

त्या फोर्टमधल्या एका ऑफिसात नोकरी करतात. सकाळी सव्वासातला घर सोडायचं, रात्री आठला परत. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. गेल्या सप्टेंबरात डेंग्यू झाला, चार दिवस हॉस्पिटलात होत्या. ताप गेला, थकवा मात्र मुक्कामालाच राहिला. स्टेशनचा जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी डोकं जड होतं, आणि टॉवेल जागेवर नाही एवढ्यावरून मुलावर ओरडणं होतं. डिस्चार्जच्या वेळी हिमोग्लोबिन ९.८ होतं, पण "प्लेटलेट वाढल्यात, आता काळजी नाही," असं सांगून घरी पाठवलं. डिसेंबरात त्यांनी सोसायटीच्या क्लबहाउसमधली पहाटे पावणेसहाची योगाची बॅच धरली. रथसप्तमीला अख्ख्या बॅचने १०८ सूर्यनमस्कार घातले, यांनीही घातले, आणि पुढचे दोन दिवस त्या अंथरुणातच होत्या. मैत्रीण म्हणाली, हलका योग कर. मग आठवडाभर शवासन करून पाहिलं, तर एक तर डोक्यात उद्याच्या डब्याची यादी, नाही तर सरळ झोप. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी दमायला वेळच नव्हता." प्रश्न त्यांच्याच शब्दांत: "हलका योग म्हणजे आळसाला दिलेलं गोंडस नाव तर नाही ना? मी अजून जोर लावायला हवा, की हे सगळं सोडूनच द्यावं?"

ताई,

तुमचं पत्र दोन पानी आहे. त्यातलं दीड पान सूर्यनमस्कारांना गेलंय आणि हिमोग्लोबिनला मिळाली आहे एक ओळ, तीही कंसात. माझं उत्तर त्या कंसापासून सुरू होतंय.

डेंग्यू झाला की आपल्याकडे सगळं घर प्लेटलेटचा जप करतं. सकाळचा आकडा, संध्याकाळचा आकडा, तो मामाला कळवा, आत्याला कळवा. कुणी पपईच्या पानांचा रस काढतं, कुणी किवी घेऊन येतं. त्याच रिपोर्टवर, चार ओळी वर, हिमोग्लोबिन छापलेलं असतं आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला ॲनिमिया म्हणते. ८ ते १०.९ म्हणजे मध्यम ॲनिमिया. तुमचं ९.८. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला. तुमच्या लेडीज डब्यात उभ्या असलेल्या दहाजणींमधल्या पाच-सहा जणी धरा. एवढं सर्रास झालंय की आपण त्याला आजार म्हणायचंच विसरलो. "बाई म्हटलं की थोडं कमी असायचंच" म्हणून मोकळे.

आता त्या रथसप्तमीकडे बघा. एका नमस्कारात १२ स्थिती, म्हणजे १०८ नमस्कारांत शरीराने १,२९६ वेळा जागा बदलली. स्नायूंना प्राणवायू पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं. तेच कमी असेल तर हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त पळावं लागतं. तुम्ही दोन दिवस पडून राहिलात यात मनाचा कच्चेपणा वगैरे काही नाही. माल पोचवणाऱ्या गाड्या कमी आणि ऑर्डर दुप्पट, असला प्रकार होता तो.

तेव्हा पहिलं काम मॅटवर नाही, डॉक्टरांकडे. याच आठवड्यात. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पुन्हा करायची, आणि फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर यांतलं काय काय करायचं ते त्यांना विचारायचं. आणि एक गोष्ट त्यांनी विचारली नाही तरी आपण होऊन सांगायची. पाळी किती दिवस जाते, किती जाते, दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का. पत्रात तुम्ही याबद्दल चकार शब्द काढलेला नाही. चाळिशीत पाळीचं तंत्र बिघडतं, जास्त जायला लागतं, आणि बायका ते "वयाचं आहे" म्हणून अंगावर काढतात. लोहाच्या गोळ्या मात्र मनाने आणून सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे जन्मतःच हिमोग्लोबिन कमी ठेवणारा आनुवंशिक दोष, असेल तर हिशोब वेगळा असतो, आणि रक्त नेमकं कुठे जातंय हे शोधायचं राहून जातं. डॉक्टरांनी दिल्याच तर चहाबरोबर घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा तासाभराने. (सकाळचा चहा लांबवणं हे १०८ नमस्कारांपेक्षा कठीण आहे, मान्य.) बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

एवढं झाल्यावर तुमच्या प्रश्नाकडे येते. कुठल्याही आसनाने हिमोग्लोबिन वाढत नाही, हे आधी सांगून टाकते. मग हलका योग कशासाठी? तर औषध आपलं काम करत असताना शरीराला रोजचं थोडं सैल पडता यावं यासाठी. पाच महिने तुम्ही आजारी शरीराला दामटताय. खांदे कानाला टेकलेले, दात आवळलेले, श्वास छातीत वरच्या वर. ते उतरवायला जोर उपयोगाचा नाही.

पण "जोर लावायला हवा" हे तुमच्या मनात आलं कुठून? मला वाटतं, ते आपल्या सगळ्यांच्याच अंगात मुरलेलं आहे. ठाणे स्टेशनवर चढायला जोर, दादरला आतल्या बायकांतून दाराशी यायला जोर. दिवसभर जोर लावूनच सगळं मिळतं म्हटल्यावर विश्रांतीही जोर लावूनच मिळवायची असते असं वाटायला लागतं. घाम आला तर व्यायाम, नाही तर नुसतं लोळणं.

योगाच्या जुन्या परंपरेला हे मान्य नव्हतं. हठप्रदीपिका हा काही शतकांपूर्वीचा, हठयोग करणाऱ्यांचा प्रमाणग्रंथ. त्यात मयूरासन येतं, दोन तळहातांवर सगळं शरीर आडवं तोलायचं, भल्याभल्यांना न जमणारं. आणि त्याच्या लगेच पुढे शवासन: "शवासनं श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्." शीण घालवणारं, मनाला विसावा देणारं. दोन्ही एकाच पंगतीत. पुण्याचे बी.के.एस. अय्यंगार घ्या. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय यांनी खंगलेला हा मुलगा पुढे जगाला योग शिकवायला लागला, आणि आजारी, दमलेल्या माणसांनाही आसनात थांबता यावं म्हणून त्यांनी लोड, ब्लँकेट, पट्टे, खुर्च्या यांचा वापर रुळवला. ते काही आळशांचे लाड करणारे गुरुजी नव्हते. त्यांचा दरारा होता.

सूर्यनमस्कारांशी माझं वैर नाही. औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, ते घराघरात नेले, त्यावर पिढ्या पोसल्या. पण तो धडधाकट माणसाचा व्यायाम. तुमचाही नंबर येईल. आत्ता नाही.

दुसरी गोष्ट, शवासनात झोप लागते म्हणून तुम्ही स्वतःला नापास केलंय. तुमच्याच पत्रातला हिशोब मांडते. रात्री झोपायला सव्वाअकरा-साडेअकरा. बॅच पावणेसहाची, त्याआधी कणीक आणि भाजी, म्हणून गजर पावणेपाचचा. साडेपाच तास झोप, तीसुद्धा आजारातून उठलेल्या बाईला. मग ती बाई आडवी पडल्यावर झोपेल नाही तर काय करेल? मी पहिल्यांदा योगवर्गाला गेले तेव्हा शवासनात घोरले. शेजारच्या आजींनी कोपरानं ढोसून उठवलं, "अहो, संपलं." तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, त्या दिवशी मला योगाची नाही, उशीची गरज होती. झोप येते आहे तर येऊ द्या, आणि रात्रीची वाढवा. त्यासाठी बॅचचं काय करायचं ते पुढे सांगते.

आणि डब्याची यादी? ती येणारच. शेजारी कागद-पेन्सिल ठेवा, आडवं व्हायच्या आधी यादी लिहून टाका. तोंडलीची भाजी कागदावर गेली की डोक्यात फार वेळ थांबत नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एकच गोष्ट नीट सांगते, कारण दहा आसनांची यादी दिली तर तुम्ही दहाही कराल, मला तुमचा स्वभाव कळलाय.

रात्री आठला घरी आलात की पर्स ठेवा, हातपाय धुवा, ऑफिसचे कपडे बदला. स्वयंपाकघरात डोकवायचं नाही. डोकावलात की संपलं. दिवाणापुढे किंवा सोफ्यापुढे सतरंजी अंथरा, तिच्यावर आडव्या व्हा आणि पोटऱ्या उचलून दिवाणावर ठेवा. गुडघे काटकोनात, मांड्या उभ्या, टाचा सैल. कंबर जमिनीला टेकायला हवी. टेकत नसेल तर दिवाणाच्या आणखी जवळ सरका. डोक्याखाली गोधडीची एक घडी, इतकीच की हनुवटी वर जाणार नाही. घडी मानेखाली नको, डोक्याखाली. हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. डोळ्यांवर ओढणीचं टोक किंवा हातरुमाल. ट्यूबलाइट बंद करायला कुणाला तरी सांगा.

पहिली दोन मिनिटं काहीच करू नका. दिवाणाने पायांचं वजन घेतलंय हे कंबरेला कळायला तेवढा वेळ लागतो. मग एक हात पोटावर ठेवून श्वास मोजा. आत घेताना मनात चार, सोडताना सहा. रोखायचा नाही, ओढूनताणून लांबवायचा नाही. घुसमटल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडून द्या. सोडण्यावर भर का, तर श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. मनगटाच्या नाडीवर बोटं ठेवून नीट लक्ष दिलंत तर श्वास घेतानाचे दोन ठोके जवळजवळ आणि सोडतानाचे लांब पडल्यासारखे जाणवतील. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा लहान मुलासारखी मजा वाटली होती, की ताणाची चावी आपल्याच हातात, म्हणजे नाकात आहे.

अशी पंधरा मिनिटं. उठताना सरळ उठायचं नाही. पाय खाली, कुशीवर वळायचं, चार श्वास थांबायचं, मग हाताच्या आधाराने बसायचं. हिमोग्लोबिन कमी असताना झटक्यात उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

सुट्टीच्या दिवशी याच्या आधी पाठीसाठी मार्जारासन (हात-गुडघ्यांवर येऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करायची) सहा-सात वेळा, आणि शशांकासन (टाचांवर बसून पुढे वाकायचं) लोडावर कपाळ टेकवून, बस. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीत बसून, समोर टेबलावर हातांची घडी घालून तिच्यावर डोकं टेकवलं तरी चालतं. जोरजोराची कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखायचे प्राणायाम सध्या बंद. हे वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते, गरोदर असाल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा काचबिंदू असेल तर पाय किंवा धड डोक्याच्या वर नेणारं, डोकं खाली झुकवणारं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

हे मानवतंय की नाही हे त्याच वेळी कळत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. नमस्कार घातल्यावर तुम्हालाही त्या सकाळी "भारी वाटलं" होतं, पत्रात लिहिलंय तुम्ही. फटका नंतर बसला. म्हणून कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, रोज सकाळी एक खूण करा: कालपेक्षा बरं, तसंच, की वाईट. "वाईट" लागोपाठ दोनदा आलं तर केलेलं निम्मं करा. आणि रक्ताचे सगळे आकडे सुधारूनही जर थोड्याशा श्रमाने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झोपवायला लागलं, तर डॉक्टरांना नेमकं याच शब्दांत सांगा. विषाणूच्या तापानंतरचा एक थकवा असा असतो की त्यात दामटून व्यायाम केल्याने नुकसानच होतं.

बॅच सोडायची का? माझं पहिलं मत होतं, सोडा. मग तुमचं ते वाक्य पुन्हा वाचलं, की तिथला पाऊण तास कुणी तुम्हाला "आई" म्हणत नाही आणि कुणी "मॅडम" म्हणत नाही. हे सोडायला मी कशी सांगू? तेव्हा शनिवार-रविवार जा, पाच दिवस झोपा. शिकवणाऱ्या सरांना आकडा सांगा. "बरं वाटत नाही" असं मोघम नको, "हिमोग्लोबिन ९.८ आहे, मी काय करू नको?" असं विचारा. उत्तर आलं की "करत राहा, सवय होईल," तर क्लबहाउसला गप्पांपुरतं जा आणि शिकायला दुसरीकडे. ठाण्यात योग शिकवणाऱ्यांची वानवा नाही. घंटाळी मित्र मंडळ, अंबिका योग कुटीर ही नावं इथल्या किती घरांतल्या दोन-दोन पिढ्यांना माहीत आहेत. कुठेही गेलात तरी तोच आकडा, तोच प्रश्न.

गाडीचंही बघा. कर्जत-कल्याणकडून भरून आलेल्या फास्टमध्ये लोंबकळत जाण्यापेक्षा ठाण्याहून सुटणारी स्लो. वीसेक मिनिटं जास्त जातील, पण बसून, डोळे मिटून. बॅच नसलेल्या दिवशी तेवढा वेळ निघतो.

आता जरा अवघड विषय. दोन पानांत नवऱ्याचा उल्लेख एकदाच आलाय: "मिस्टर चांगले आहेत, काही म्हणत नाहीत." ताई, काही न म्हणणं हे घरकामात मोडत नाही. रात्री आठ ते सव्वाआठ तुम्ही सतरंजीवर असताना कुकर कोण लावणार, हे ठरल्याशिवाय वरचं सगळं कागदावरच राहील. तुमचा ताण काही हवेतून आलेला नाही. पावणेपाचचा गजर, तीन डबे, दोन तासांचा प्रवास आणि रात्रीची भांडी असा त्याचा पत्ता आहे, आणि त्या पत्त्यावर एकट्या शवासनाला पाठवून भागणार नाही. चिरंजीवांची दहावी आहे, ठीक. दहावीच्या मुलाने डाळ-तांदूळ धुवून कुकर लावू नये असा बोर्डाचा नियम माझ्या पाहण्यात नाही. हे रागावलेल्या असताना बोलू नका, नाही तर तो टॉवेलचाच पुढचा भाग होईल. रविवारी, जेवणं झाल्यावर, नवा रिपोर्ट समोर ठेवून बोला. आकड्याशी भांडता येत नाही.

आणि कधी नुसतं दमल्यासारखं न वाटता कशातच मन लागेनासं झालं, रडू येत राहिलं, आपण नसतो तर बरं असं वाटलं, तर ते एकटीने सोसू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, कधीही लावा, मराठीत बोलता येतं.

राहिल्या सासूबाई. त्यांचं वाक्य तुम्ही टोमणा म्हणून ऐकलंत, आणि तो असेलही, मी काही तिथे नव्हते. पण तेच वाक्य त्यांच्या बाजूने एकदा म्हणून बघा. "आमच्या वेळी दमायला वेळच नव्हता." विहिरीचं नसलं तरी नळाचं पाणी भरलं असेल, रॉकेलच्या रांगेत उभ्या राहिल्या असतील, अंगात ताप घेऊन चपात्या लाटल्या असतील, आणि "जरा पड" असं त्यांना कुणी म्हटलं नसेल. आता गुडघे दुखतात म्हणून दिवसभर त्याच दिवाणावर बसून असतात, असं तुम्हीच लिहिलंय. जमिनीवर त्यांना उतरता येणार नाही, पण पलंगावर पोटऱ्यांखाली लोड घेऊन त्याही पंधरा मिनिटं पडू शकतील. एकदा विचारून बघा. लोडाला घालायची जुनी गोधडी कुठल्या ट्रंकेत आहे, ते तसंही त्यांनाच माहीत असणार.